नापास जांभळा

बावीस वर्षं थोरली करडे कपडे घालत होती, आणि त्यात तिच्या आवडीनिवडीचा काही संबंध नव्हता. कापड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती रंगाच्या विभागात होती. रंग जोखणाऱ्याने अंगावर रंग घालायचा नाही, हा तिथला नियम. तांबडं काही घालून पांढऱ्या कापडासमोर उभं राहिलं की त्याची झाक कापडावर पडते आणि डोळा फसतो. म्हणून भिंती करड्या, टेबलं करडी, वरून घालायचा झगा करडा. झगा गळ्यापाशी उघडा राहायचा, म्हणून आतले कपडेही करडे. मग घरचे वेगळे आणि इथले वेगळे असे दोन दोन जोड कोण सांभाळत बसणार, म्हणून बाहेरचेही तसलेच. नियम होता प्रयोगशाळेपुरता. तो घरच्या कपाटात कधी शिरला, हे तिला कळलंसुद्धा नाही.

धाकटीला कळलं होतं. तिचं कपड्यांचं दुकान होतं, मोठ्या रस्त्यावर, पूर्ण काचेचं. ती म्हणायची, "ताई, तुझं कपाट उघडलं की आभाळ भरून आल्यासारखं वाटतं बघ. दिवा लावावा लागतो."

यावर आई हसायची. थोरलीही हसायची. लागण्यासारखं त्यात काही आहे असं तिला तेव्हा वाटत नव्हतं.

लागलं ते एका फोटोने. प्रयोगशाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो काढला आणि दाराजवळ लावला. बटणवाला त्याच्यासमोर उभा राहून माणसं मोजत होता. हा शेजारच्या विभागातला. बटणं किती ओढली की तुटतात हे पाहणं त्याचं काम, त्यामुळे जिभेलाही तीच सवय लागलेली.

"बाई, तुम्ही त्या दिवशी रजेवर होता का?"

"नाही. मी आहे त्यात."

"कुठे?" त्याने नाक काचेला लावलं. "हां! हे काय. दोन हात दिसतायत. आणि वर चेहरा. बाकी भिंतीत गेलात तुम्ही."

ती जवळ जाऊन पाहू लागली. तो खोटं बोलत नव्हता.

त्या संध्याकाळी तिने एक नवी वही घेतली. कोणतीही गोष्ट ठरवायची तर आधी निरीक्षण, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. महिनाभर ती बसथांब्यावर, दवाखान्यात, दुकानांच्या रांगेत बायका काय घालतात ते टिपत राहिली. रंग, कापड, अंगावर कसं बसतं, आणि शेवटच्या रकान्यात 'स्वतःचं वाटतं का'. या रकान्यात महिनाभरात फक्त चार वेळा 'हो' आलं. त्यातली एक पोस्टातली म्हातारी होती, जी कायम पुरुषी कोट घालायची, बाह्या दुमडून. थोरलीने तिच्यासारखा कोट घालून पाहिला. नवऱ्याचा कोट चुकून घातलाय असं दिसत होतं, आणि तिला नवराही नव्हता. मग तिने एक पिवळा ब्लाउज विकत आणला. तो घालून आरशासमोर उभी राहिली, तर पिवळ्या ब्लाउजमधली कुणीतरी एक बाई तिच्याकडे संकोचून पाहत होती. ब्लाउज कपाटात गेला. वहीत तिने लिहिलं, 'दुसऱ्याचं बघून होत नाही.'

आणि मग सापडलं ते तिच्याच टेबलावर.

रंग उन्हात टिकतो का हे पाहण्याची रीत सोपी आहे. कापडाची पट्टी घ्यायची, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकायचा आणि प्रखर दिव्याच्या पेटीत ती काही दिवस ठेवायची. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी पाहायचे आणि एक ते आठ यांतला दर्जा द्यायचा. आठ म्हणजे रंग हलला नाही. एक म्हणजे गेलाच. हे तिने हजारो वेळा केलं होतं. त्या दिवशी एका गडद जांभळ्या सुती कापडाचा पुठ्ठा उचलला आणि तिचा हात थांबला. एक बाजू वांग्यासारखी गर्द. दुसरी पहाटे विझत आलेल्या आभाळासारखी. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. शाई किंवा ब्रश यांनी अशी रेघ निघत नाही. ती फक्त उजेडाला काढता येते, आणि तीही नापास होणाऱ्या कापडावरच. चांगल्या रंगावर काहीच उमटत नाही.

तिने दर्जा लिहिला, दोन. आणि उरलेल्या कापडाची चिठ्ठी वाचली. साडेतीन मीटर, सहा महिन्यांनी फेकायचं.

ती साहेबांकडे रीतसर अर्ज घेऊन गेली. साहेबांनी सही करता करता विचारलं, "फरशी पुसायला का?"

"हो," ती म्हणाली.

घरातल्या पूर्वेच्या खिडकीत तिने कापड ताणून लावलं, तिरका पुठ्ठा टाचला, आणि सात आठवडे पडद्याशिवाय राहिली. मग जॅकेट शिवलं, साधं, लांब बाह्यांचं. डाव्या खांद्यापासून उजव्या काठापर्यंत एकच तिरकी रेघ, वर गर्द, खाली फिकं. ते घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. वहीच्या शेवटच्या रकान्यात तिने 'हो' लिहिलं. हे पाचवं, आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल.

एक गोष्ट तिला ठाऊक होती. झाकलेल्या अर्ध्या भागाचा रंग पक्का नव्हता. तो फक्त झाकलेला होता. जॅकेट उन्हात घातलं की तोही उतरणार. उजेडाचे साधारण दोनशे तास, मग रेघ पुसट होत जाणार. म्हणून ते ती ऊन उतरल्यावरच घालायची आणि घरी आली की किती वेळ घातलं ते वहीत लिहायची. एकूण अकरा तास झाले होते, तेव्हा आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला.

जेवणाच्या टेबलावर धाकटीचं जेवणाकडे लक्षच नव्हतं. तिने हात पुढे करून जॅकेटचा काठ दोन बोटांत धरला, उलटा करून आतली बाजू पाहिली.

"ताई, हे कुठलं गं?"

"मी केलंय."

"तू?" धाकटी खुर्ची ओढून जवळच आली. "खरंच? कसं?"

आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने तिच्या अंगावरच्या कपड्याबद्दल चेष्टा न करता काही विचारलं होतं. थोरलीचे कान गरम झाले. तिने सगळं सांगितलं. त्या आठवड्यात धाकटीचे दोन फोन आले, तेव्हा राहिलेलं सांगितलं. कापड कसलं, रंग कोणत्या जातीचा, पुठ्ठा किती जाड, काचेआडून किती आठवडे. तपासणीच्या टिपणासारखं, पायरी पायरीने. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "आणि एक लक्षात ठेव हं," तेवढ्यात धाकटीकडे गिऱ्हाईक आलं. "करते गं नंतर," म्हणून फोन ठेवला गेला. परत केला नाही. थोरलीनेही मग विचार केला, अर्धा रंग उडाला म्हणजे उरलेला अर्धाही उडणारच, हे काय सांगायला हवं? तिच्या विभागात कुणालाच ते सांगावं लागत नसे.

अडीच महिन्यांनी बस मोठ्या रस्त्यावरून जात होती, आणि धाकटीच्या दुकानाच्या काचेत थोरलीला स्वतःचं जॅकेट दिसलं. एक नाही, नऊ. जांभळी, विटकरी, हिरवी. प्रत्येकावर डाव्या खांद्यापासून उजव्या काठापर्यंत तिरकी रेघ. ती पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आली. काचेत एक सुबक पाटी होती. 'माझ्या लहानपणीच्या खोलीत एक पडदा होता. त्यावर उन्हाने काढलेली रेघ मी कधी विसरले नाही.' खाली धाकटीची सही.

दुकानात दुपारचं कुणी नव्हतं. धाकटीने वर पाहिलं आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग सावध झाला.

"अगं, ये ना! सांगणारच होते तुला."

"आपल्या खोलीला पडदा नव्हता," थोरली म्हणाली.

"काय?"

"खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं असायचं. पडदा नव्हताच."

"ताई, लोकांना पडदा आवडतो. नाहीतर काय लिहू? प्रयोगशाळेत नापास झालेलं कापड?"

"माझ्या बहिणीला सुचलं, असं लिही. एवढंच."

धाकटी हँगर सरळ करत राहिली. एक केला, दुसरा केला. मग न वळताच म्हणाली, "बारावं वर्ष लागेपर्यंत मी नवा फ्रॉक पाहिला नव्हता. तुझे यायचे. कोपरावर विटलेले, काखेत उसवलेले. वर्गात मुली म्हणायच्या, हा गेल्या वर्षी तुझ्या ताईने घातला होता ना? तेव्हा तू कधी पाटी लावलीस का, की हा माझा आहे, हिला फक्त दिलाय?"

"तेव्हा मी लहान होते."

"तुझं घ्यायची सवय मी नाही लावून घेतली, ताई. मला ती लावली गेली." ती वळली. डोळे कोरडे होते. "आणि तू काय करणार होतीस त्याचं? चार भिंतींत घालून वहीत तास लिहिणार होतीस. आईने सांगितलंय मला."

थोरली तिथे उभी राहिली. काच पश्चिमेची होती. चार वाजताचं ऊन नऊच्या नऊ जॅकेटांवर पडलं होतं, आणि तिच्या डोळ्यांनी आपोआप मोजायला सुरुवात केली. विटकरी सगळ्यात आधी जाईल. मग जांभळा, त्यातला तांबडा अंश आधी उडतो. हिरवा जरा तग धरेल. 'आणि एक लक्षात ठेव हं' हे वाक्य तिच्या जिभेवर अर्धं शिल्लक होतं. आता पूर्ण करायला वेळही होता, गिऱ्हाईकही नव्हतं.

"काही म्हणत होतीस का?" धाकटीने विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "छान मांडलंस."

त्या दिवसानंतर तिने तास लिहिणं सोडलं. जॅकेट ती भर दुपारी घालू लागली, बाजारात, बँकेत, जाईल तिथे. माझं आहे, हे कुणालातरी दिसावं म्हणून. दिसत होतं ते निराळंच. बँकेतली बाई म्हणाली, "अय्या, मोठ्या रस्त्यावरचं ना? मी पण घेणार आहे." बसमधल्या एका मुलीने तर शिलाई निरखून शेजारणीला सांगितलं, "खरं नाहीये गं. बघून शिवलंय."

चौथ्या महिन्यात धाकटीचा फोन आला.

"सगळी परत येतायत."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकरंगी झालीत, ताई. रेघच दिसत नाही. एक बाई तर म्हणाली, मी फडकं विकत घेतलं का?" तिचा श्वास ऐकू येत होता. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"त्या दिवशी दुकानात उभी होतीस, तेव्हाही?"

"तेव्हाही."

मग धाकटी अगदी हळू म्हणाली, "मी तुझं घेतलं. पण तुला बुडवायला नव्हतं घेतलं." आणि फोन ठेवला.

थोरलीने समाधान वाटतंय का ते तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. काहीतरी मोजायला बसावं आणि काटा हलूच नये, तसं झालं होतं.

रविवारी ती आईकडे गेली. धाकटी येऊन गेली होती, थांबली नव्हती. आईने दारातच तिच्या अंगावरच्या जॅकेटकडे पाहिलं.

"तुझंही गेलं का? दे तिच्याकडे. बदलून देतेय ती सगळ्यांना."

"हे तिच्या दुकानातलं नाही, आई. मी केलंय. तुझ्या वाढदिवसाला घातलं होतं, आठवत नाही?"

आईने चष्मा लावून बाही चाचपली. "हो का? मग तर बदलूनही मिळायचं नाही." आणि थोड्या वेळाने, आत जाता जाता, "तुम्ही दोघी बोलत नाही का गं?"

थोरलीने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

सोमवारी सकाळी तिने जॅकेट कपाटातून काढलं आणि खिडकीपाशी धरलं. तांबडा अंश पूर्ण गेला होता, निळाही उरला नव्हता. रेघ होती तिथे बोट फिरवलं, पण बोटाला काय कळणार. तिने प्रयोगशाळेची करड्या छटांची पट्टी पिशवीतून काढून बाहीवर ठेवली, एक डोळा मिटून पाहिलं; एक छटा जुळली. मग ते अंगात घातलं आणि कामावर गेली.

दारात फोटोपाशी बटणवाला भेटला. नमस्कार करून पुढे गेला. आत साहेबांनी तिला नखशिखांत पाहिलं, कारण नव्या महिन्याची पाहणी होती आणि कपडे तपासणं त्यांचं काम होतं. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. जॅकेट नियमात बसत होतं.

तिने वरून झगा चढवला, दिव्याच्या पेटीचं दार उघडलं आणि पहिल्या पट्टीवरचा पुठ्ठा उचलला.