पिराजीचं प्रस्थान

पिराजी सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाला होता, आणि ही बातमी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती. तीन वर्षं त्याने पासपोर्टासाठी हेलपाटे घातले, नकाशे जमवले, दर रविवारी पन्हाळ्याचा चढ सायकलवर चढून मांड्या घट्ट केल्या. मुंबईपर्यंत सायकल, तिथून बोटीने इराकातलं बसरा, आणि पुढे पुन्हा सायकल. बसऱ्याच्या पुढचं तो सांगायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. अठ्ठ्याहत्तर सालचा मार्च उजाडला आणि पठ्ठ्याने कारखान्यात राजीनामा देऊनच टाकला.

अडचण एकच निघाली. निघायचं होतं सोमवारी, आणि त्याची आई धोंडुबाई जोशीबुवांना विचारून आली तर मुहूर्त आदल्या गुरुवारचा. त्यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे. मुहूर्ताच्या दिवशी अंगावरचा एखादा कपडा, सुपारी, चार अक्षता असं गाठोडं बांधायचं आणि वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. ह्याला म्हणतात प्रस्थान. माणूस मुहूर्तावर निघाला असं धरायचं. मग सवडीने जाऊन गाठोडं उचलायचं आणि मागे न बघता चालू लागायचं.

"सवड किती ते बी ऐक," धोंडुबाई म्हणाली. "पाच दिस. मंगळवार उजाडू द्यायचा न्हाय. परस्तान ठिवलं की माणूस निघालं. मागं घरात ऱ्हातं ते पावणं. आन् पावण्यानं किती ऱ्हावं?"

पिराजी हसला. अकरा वर्षं लेथवर लोखंड कापणारा गडी तो, त्याचा विश्वास मापावर. तरी आईचं मन मोडू नये म्हणून गुरुवारी सकाळी तो उचगावला गेला. फाट्याजवळ रोशनबी राहायची, धोंडुबाईची जुनी मैत्रीण. पिराजीला तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याने आपला निळा सदरा आणि सुपारी तिच्या हवाली केली. शिवाय, एवीतेवी इथूनच तर पुढे जायचं आहे, असं म्हणून भरलेल्या पिशव्यांसकट सायकलही तिच्या सोप्यात उभी केली. पासपोर्टही त्यातच. परत येताना एसटीत त्याला उगाच हलकं हलकं वाटलं.

शनिवारी कारखान्यात निरोप समारंभ झाला. मालक गणपतराव बोलता बोलता रडले. पोरांनी पिराजीचा फोटो फ्रेम करून त्याच्या लेथवरच्या भिंतीला लावला, आणि त्याच्याच हाताखाली शिकलेल्या बाळासोने पिराजीच्या गळ्यातला हार काढून घेऊन सरळ त्या फोटोला घातला. सगळे हसले. जित्या माणसाच्या फोटोला हार! पिराजीही हसला, पण जरा उशिरा.

सोमवारी सकाळी गणपतरावांचा सांगावा आला. "गड्या, इंजनाचं चाळीस शाफ्ट अडल्यात. बाळासोचा हात अजून बसला न्हाय. तेवढं काढून जा की. तुझ्यावाचून माझं वांदं हाय."

खरं सांगायचं तर बाळासोचा हात चांगला बसला होता. पिराजीनेच तो बसवला होता. पण 'तुझ्यावाचून' हा शब्द फार वाईट. जग हिंडायला निघालेल्या माणसालाही तो जगापेक्षा गोड लागतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कोंबड्याला कोण सांगणार? पिराजीने कपडे बदलले आणि लेथ सुरू केला.

संध्याकाळी धोंडुबाईने विचारलं, "उद्या मंगळवार न्हवं?"

"चारच दिस, आई. गाठोडं काय पळून जातंय व्हय?"

धोंडुबाई त्याच्याकडे बघत राहिली.

मंगळवारी तिने डबा दिला नाही. रागावली असेल, पिराजीने मनाशी म्हटलं. बुधवारी कारखान्यात चहा आला. माणसं पाच आणि ग्लास चार. चौघांनी चार ग्लास उचलले, कुणाला काही कमी आहे असं वाटलंच नाही. "आरं, माझा च्या?" पिराजी म्हणाला. बाळासोने डोकं वर केलं, दाराकडे बघितलं, मालक आले की काय म्हणून, आणि परत ग्लास तोंडाला लावला. थोड्या वेळाने तो आला आणि पिराजीच्या हातातलं मायक्रोमीटर काढून घेतलं. हिसकावलं नाही. फळीवरची वस्तू उचलावी तसं सहज उचललं, लेथपुढे उभा राहिला, शाफ्ट मोजला आणि म्हणाला, "बराबर हाय." शाफ्ट खरोखरच बरोबर होता.

पिराजी मागे सरकला. भिंतीवर त्याचा फोटो होता. हारातली फुलं शनिवारची, पाच दिवसांची. ती वाळायला हवी होती. ती ताजी होती, नुकतंच पाणी मारल्यासारखी. पिराजी घाबरला. साफ घाबरला. आपण निघायला हवं होतं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमायला लागलं.

गुरुवारी उजाडताच त्याने उचगाव गाठलं. सोपा रिकामा होता. सायकलच्या चाकांचे दोन ओरखडे शेणाच्या सारवणावर उमटले होते, थेट उंबऱ्यापर्यंत.

रोशनबी बाहेर आली. "कोण पायजे?"

"मावशी, माझं गाठोडं..."

"कसलं गाठोडं? पिराजीचं व्हय? ते न्हेलं की त्यानं मंगळवारी, उजाडताना. निळा सदरा अंगात घातला, मी बांधून दिली ती भाकरी घेटली आन् गेला हायवेनं. एकदा बी मागं बघितलं न्हाय माझ्या लेकरानं." तिने डोळे पुसले. "तुमी कोण त्याचं?"

"मावशी, मीच पिराजी हाय!"

रोशनबीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कडेवर घेऊन फिरवलेल्या पोराला ती आज अहोजाहो करत होती. "म्हातारीची चेष्टा करू नगासा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पिराजी कोल्हापूरपर्यंत चालत आला. त्याला आता जग नको होतं. बसरा नको, बोट नको. आपल्या आईने आपल्याला शिवी द्यावी, एवढंच हवं होतं.

धोंडुबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पदर सावरला.

"या की पावणं. पिराजीकडं आलासा? बसा. लांबनं चालत आल्यावानी दिसतासा."

तिने तांब्याभर पाणी आणलं, वाटीत गुळाचा खडा आणला. पिराजी खाली बसला.

"न्हाय ओ तो. मंगळवारी गेला, जग हिंडाय," ती कौतुकाने सांगू लागली. "मला वाटलं हुतं जायाचा न्हाय. कामाचं लय येड. पर मालक गयावया करत हुतं तरी ऐकलं न्हाय. बोलल्या दिसाला निघाला."

"आई," पिराजी म्हणाला.

धोंडुबाईचा हात तांदळात थांबला. तिचे डोळे भरून आले.

"लय बरं वाटलं बघा. आता आई म्हणाय घरात कोण न्हाय." मग तिची नजर त्याच्या हातांवर गेली, नखांत बसलेल्या काळ्या तेलावर. "तुमी बी कारखान्यातलंच की. माझ्या पिराजीचं हात असंच हुतं. धू धू धुतलं तरी जायाचं न्हाय ते काळं. सोडा बाबा ते. कुठं जायाचं असंल तिकडं येळंवर निघावं माणसानं."

पिराजीने गूळ तोंडात टाकला आणि पाणी प्याला. पाणी संपलं तरी तो तसाच बसून राहिला. धोंडुबाईने थोडा वेळ वाट पाहिली, रिकामा तांब्या उचलला, आणि पावण्याने आता उठावं म्हणून दारात उभी राहिली.