फौजी कांदा

मी कांदा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. पण मित्रांनो, विळी शोधायला उठू नका. मी भाकरीबरोबर खायचा कांदा नव्हे. मला खाल तर दुखणे ओढवून घ्याल. माझे नाव नेरीन. पावसाळा सरला की मला लाल फुलांचा झुबका येतो. आधी फूल, मग पाने, अशी आमच्या घराण्याची रीत.

सत्तर सालच्या सुमारास सयाजी नावाच्या जवानाने मला निलगिरीच्या डोंगरातून ट्रंकेत घालून कोरेगावजवळच्या आपल्या गावी आणले. "पाऊस गेल्यावर ह्याला लाल फुलं येत्यात," असे त्याने बायकोला, राहीबाईला सांगितले आणि रजा संपली तसा तो गेला. राहीबाईने मला परड्यात, कांद्याच्या वाफ्याच्या कडेला, भरपूर उन्हात लावले. माझी मान मातीच्या वर ठेवली. कुणी न शिकवता तिला ते बरोबर सुचले. फार गुणी हात.

घोटाळा पुढेच झाला. उन्हाळ्यात माझी पाने पिवळी होऊन आडवी पडतात, कारण तेव्हा मी झोपतो. वाफ्यातल्या कांद्यांच्याही माना तेव्हाच पडतात, आणि मान पडली की कांदा काढायचा, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. राहीबाईच्या सासूबाई, बनुबाई, कांदे काढता काढता मलाही उपटत. माझी मुळे तुटत. पावसात मला पुन्हा चिखलात रोवत. मग मी रुसून बसे आणि नुसती पाने देई.

"माज्या भोळ्या लेकाला कुनीतरी कांदा दिऊन गंडवलं," बनुबाई म्हणत. गल्लीने माझे नाव फौजी कांदा ठेवले. राहीबाईला ते फार लागे, माझ्यापेक्षा नवऱ्याच्या शब्दासाठी. "यील फूल," एवढेच ती म्हणे. तिच्या धीराचे मला आजही कौतुक वाटते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर आटली. वाफ्यात कांदा लागलाच नाही, म्हणून काढणीही झाली नाही, आणि मला उपटायचे कुणाला सुचले नाही. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, त्यांचे हाल बघवत नव्हते. मला मात्र तशीच कोरडी माती आणि तशीच निवांत झोप हवी होती.

नवरात्र आले. घटाला रोज माळ चढवायची, पण परड्यातला झेंडू जळून गेलेला, रानात कारळ्याचे फूल नाही. "आजवर आमचा घट बिनफुलांचा ऱ्हायला न्हाई," म्हणत बनुबाई डोळे पुसत होत्या.

हस्ताची एक सर तेवढी पडून गेली होती. तिने मला जाग आली. एका सकाळी राहीबाई परड्यात आली, तर उघड्या मातीतून माझा दांडा वर आलेला आणि त्याच्या टोकाला लालभडक झुबका. ती खालीच बसली. मग तिने हाक मारली, "आवं आत्याबाई, हिकडं या की."

बनुबाई आल्या आणि बघतच राहिल्या. राहीबाईने खुडायला हात पुढे केला. इतके दिवस वाट पाहिलेले एकुलते एक फूल ती घटाला द्यायला निघाली होती. सासूने तिचा हात धरला.

"नगं. दसऱ्याला सयाजी यील. त्याला बघू दे."

"आन् घट?"

"पानांची माळ घालू. देवीला कळतं. मी पोराला खोटं पाडलं, त्ये बी कळलंच आसंल तिला."

दसऱ्यापर्यंत मी फूल नेटाने धरून ठेवले. सयाजी आला तशी बनुबाईंनी पाणीसुद्धा न देता त्याला आधी माझ्यापाशी आणले. "तुजा कांदा खरा निघाला रं," त्या म्हणाल्या.

सयाजी डोके खाजवत म्हणाला, "ह्याला जागंवरनं हलवायचं न्हाई, आसं तितल्या माळ्यानं सांगितलं हुतं. मीच इसरलो." राहीबाई हसता हसता रडली.

आता माझ्याभोवती माझ्या पिलांची दाटी झाली आहे. आम्हाला अशी दाटीच आवडते. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात कांदे काढायच्या आधी बनुबाई आमच्यावर बाभळीची फांदी आणून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत, "हितं कुदळ घालायची न्हाई. त्यो निजलाय."

मित्रांनो, मला खत नको, पाणीही बेताचेच द्या. फक्त माझी मान पडलेली दिसली, तर तेवढे बनुबाईंचे ऐका.