मेघाचा राहिलेला पेपर

पवनीच्या त्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती. वर्षानुवर्षं न झालेल्या बऱ्याच गोष्टी आता झालेल्या दाखवायच्या होत्या. त्यातली एक भावना रामटेकेच्या वाट्याला आली.

भावना रसायनशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. पुढच्या सत्रात पुन्हा बोलावतील की नाही, हे तिला कधीच ठाऊक नसायचं. वडील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होते. तिथल्या क्वार्टरमधून निघून, भंडाऱ्याला बस बदलून ती रोज पवनी गाठायची. प्राचार्य हटवार सरांनी तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक जादा वर्ग घ्या. समितीला फोटो लागतात."

तिने द्वितीय वर्षाची मुलं एका खोलीत गोळा केली आणि फळ्यावर 'स्लो लर्नर्ससाठी वर्ग' असं लिहिलं. खोली भरलेली दिसावी म्हणून वर्गात पहिला येणारा अतुलही पहिल्या बाकावर बसला. शिपायाने फोटो काढले आणि मुलं उठून गेली.

एक मुलगी तेवढी बसून राहिली. मेघा तिचं नाव. अड्याळजवळच्या गावातली, धानाची शेती करणाऱ्या नत्थूभाऊंची मुलगी. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि वर्षभरात तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. दोन पेपर राहिले होते तिचे.

"मॅडम, उद्या किती वाजता आहे क्लास?"

उद्याचा वर्ग असा काही नव्हताच. पण मुलीच्या तोंडाकडे बघून भावनाला ते सांगवेना.

"तीन वाजता ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघीच होत्या. भावनाने मागच्या परीक्षेतला एक प्रश्न दिला आणि लिही म्हणाली. मेघा भराभर लिहू लागली. अक्षर सुबक, वाक्यं पुस्तकातली, एकही चूक नाही. भावनाने वाचलं आणि ती चकित झाली. प्रश्नात अभिक्रियेचा वेग आणि वेग-स्थिरांक या दोन संकल्पनांमधला फरक विचारला होता. मेघाने दोन्हींची लांबलचक माहिती एकीखाली एक लिहून ठेवली होती.

"हे सगळं बरोबर आहे. पण त्यांनी विचारलं काय आहे?"

मेघाने प्रश्न पुन्हा वाचला.

"रेट ऑफ रिॲक्शनचं विचारलं ना?"

"रेटबद्दल काय विचारलं?"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी त्यातला वळखीचा शब्द पाहातो. तो ज्या धड्यात असंन, तो धडा लिवतो. बाकीचं इंग्लिश मले समजत नाई."

बारावीपर्यंत ती विज्ञान शिकली होती, तेही पास होत. पण तिकडे सर प्रश्न वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायचे आणि उत्तर कुठल्या पानावर आहे तेही सांगायचे. इथे तसं सांगणारं कुणी नव्हतं. भावना वर्षभर याच मुलीसमोर उभी राहून शिकवत होती आणि तिला याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी तिने रसायनशास्त्राचं पुस्तक बंद केलं. जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि दोघींनी फक्त प्रश्न वाचले. 'एक्सप्लेन' म्हणजे समजावून सांग, 'जस्टिफाय' म्हणजे कारण देऊन पटवून दे, 'डिराइव्ह' म्हणजे पायरी-पायरीने सूत्र काढून दाखव. उत्तर लिहायचंच नाही, कुणी काय विचारलं तेवढं आपल्या भाषेत सांगायचं.

"'डिराइव्ह' असंन तं मी सोडूनच देत होती," मेघा म्हणाली.

भावनाला रोज तीन वाजता वेळ काढता येईना. पण मेघा सकाळी अड्याळला जी बस पकडायची, त्याच बसमध्ये भावना भंडाऱ्याहून बसून यायची. आधी दोघी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं करत. आता भावना शेजारची जागा धरून ठेवू लागली. अड्याळ ते पवनी, तेवढ्यात तीन-चार प्रश्न होत. कधी बस गच्च भरलेली असली की मेघा दांड्याला धरून उभी आणि भावना बसलेली, तरी प्रश्न चालूच. एकदा एका बाईने विचारलं, "काय करून राहिल्या जी तुमी दोघी?" मेघा म्हणाली, "ट्यूशन आहे माझी."

समितीची तारीख ठरली तसं हटवार सरांनी भावनाला पुन्हा बोलावलं. समिती या जादा वर्गातल्या एका विद्यार्थ्याशी बोलणार होती.

"अतुलला तयार करा," सर म्हणाले. "आधी मागे होता, वर्गामुळे पुढे आला, एवढं सांगू दे. इंग्रजी बरं आहे त्याचं."

"सर, तो पहिल्यापासून पहिलाच आहे."

"ते आपल्याला माहीत आहे," सर थकल्यासारखे म्हणाले. "मॅडम, श्रेणी घसरली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यासारख्यांचे तास आधी कमी होतात."

ते धमकावत नव्हते. खरं तेच सांगत होते, म्हणून भावनाने अतुलला यायला सांगितलं.

अतुल तीन वाजता वर्गात आला तेव्हा तिथे मेघा होती. तो अवघडून दाराशीच थांबला.

"मॅडम, मले काय येत नव्हतं म्हणून सांगू?"

भावनाच्या आधी मेघानेच विचारलं, "कोणाले सांगतंस?"

अतुलने सगळं सांगून टाकलं. मेघाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नापास मी झाली. अतुलनं काहून सांगावं?"

"मेघा, ते तुला कमी समजतील," भावना म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारतील, किती विषय राहिले म्हणून."

"राहिले तं राहिले. गावात सगळ्याइले मालूम आहे."

भावनाने त्या संध्याकाळी बसमध्ये खूप विचार केला. मुलीला पुढे करून आपण आपलं मन हलकं करून घेत तर नाही ना, असं तिला वाटलं. पण मुलीने स्वतः मागितलं होतं, आणि नाही म्हणायला भावनाकडे भीतीशिवाय दुसरं कारण नव्हतं. सकाळी ती सरांकडे गेली. मेघाचं नाव सांगितलं.

सरांनी विचारलं, "बोलता येईल तिला?"

"इंग्रजीत नाही येणार."

"बरं. पण अतुलही बसू द्या शेजारी."

समितीतल्या बाई परप्रांतातल्या होत्या. त्यांनी मेघाला हिंदीत विचारलं, या वर्गाचा काय फायदा झाला? मेघाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, पण आवाज साफ होता.

"मॅडम, पहले सवालच नहीं समझता था. अब सवाल समझता है. जवाब अभी सब नहीं आते."

"क्लास रोज होती है?"

"रोज नहीं. बस में ज्यादा होती है."

हटवार सरांनी डोळे मिटले. बाईंनी बसमध्ये म्हणजे कसं ते विचारलं, मेघाने सांगितलं, बाई ऐकत राहिल्या आणि मग ग्रंथालयाच्या विषयाकडे वळल्या. एवढंच झालं. श्रेणी आली ती आधीचीच, वरही नाही, खालीही नाही. सर त्या भेटीबद्दल भावनाशी कधी बोलले नाहीत, पण पुढच्या सत्रात तिला तास मिळाले.

उन्हाळी परीक्षेत मेघाचा एक पेपर निघाला, त्यात ती पास झाली. भौतिक रसायनशास्त्राचा राहिला, पुन्हा. भावनाला निकाल कळला तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कोणाचा ते तिला कळलं नाही. इतके दिवस आपण फक्त प्रश्न समजावत बसलो, म्हणूनच झालं का हे, असंही मनात येऊन गेलं.

मेघा मात्र आली ती प्रश्नपत्रिका हातात घेऊनच.

"हे पाहा मॅडम. काय विचारलं ते सगळं समजलं. पण इथं लॉग काढाचा होता, अन् मले लॉग येतच नाई. अकरावीतच सुटला होता."

आता नेमकं काय अडलं ते तिला बोट ठेवून दाखवता येत होतं. भावनाने अतुलला हाक मारली, कारण लॉगरिदमच्या गणितात तो खुद्द तिच्याहून तेज होता. तो आला, मेघाशेजारी बसला आणि शिकवायला लागला. पहिल्या दिवशी त्याची गाडी इतकी जोरात सुटली की मेघाने पेन खाली ठेवलं.

"हळू सांग. मी तुह्या मांगं धावून नाई राहिली."

अतुल ओशाळला. मग पुन्हा सुरुवातीपासून, दहाच्या घातांपासून, त्याने सावकाश मांडणी केली. पावसाळाभर ते दोघं बसले. पुढे आणखी दोन मुली येऊ लागल्या.

हिवाळी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होता. भावना घरी चहा पीत होती. मेघाचा फोन आला. मागे बायांचे आवाज येत होते.

"मॅडम, निघाला पेपर. मी धानाच्या बांधीतच हाओ, हात चिखलाचे आहेत, माय फोन कानाले धरून उभी आहे."

"डिराइव्हचा प्रश्न सोडवलास?"

"सोडवला ना. एक पायरी चुकली, घरी आल्यावर समजलं."

"कुठली?"

मेघा सांगू लागली. तिची आई मध्येच म्हणाली, "अवं, माह्या हाताले कळ लागली," तरी दोघी त्या पायरीवरच बोलत राहिल्या.