चाळीस वर्षं नवा

एव्हराल्ड पिनॉक टॅमरिंड्स या गटात आला तो एकोणऐंशी साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून सगळे त्याला नव्या म्हणत. डोक्यावरचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, दोन नातवंडं शाळेत जायला लागली, तरी तो नव्याच राहिला.

रेगे गाणाऱ्या त्या गटात माणसं तीनच. लॅसेल्स डंकली मुख्य गायचा, होप्टन गेल खालचा आवाज धरायचा आणि वरचा, पातळ, ताणून लावायचा आवाज एव्हराल्डचा. हा वरचा आवाज आधी क्लोव्हिस टेट लावत असे. किंग्स्टनमध्ये रोज गोळ्या चालत होत्या त्या दिवसांत, अठ्ठ्याहत्तर साली, आईनं फारच धोशा लावला म्हणून क्लोव्हिस ब्रुकलिनला निघून गेला, तिथे बस चालवायला लागला आणि परत आलाच नाही. तो गटात नऊ वर्षं होता. एव्हराल्डला आता चाळीस होत आली होती. पण टॅमरिंड्सचा विषय निघाला की जुनी माणसं हटकून म्हणायची, क्लोव्हिस होता तेव्हाची गोष्टच वेगळी.

एव्हराल्डनं हे सगळं सोसलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं लॅसेल्स त्याला प्रत्येक तालमीत सांगायचा, असं नाही, क्लोव्हिससारखं गा. तो क्लोव्हिससारखं गायला शिकला. इतका हुबेहूब शिकला की पुढे फरक कोणाला कळेना, आणि मग लोक म्हणू लागले की हा नुसती नक्कल करतो. अकरा वेळा त्यानं गट सोडला. अकराही वेळा लॅसेल्सनं त्याचं सोडणं मनावरच घेतलं नाही. दोन दिवसांनी फोन करून गाडी किती वाजता निघणार एवढं सांगायचा, आणि एव्हराल्ड चरफडत बॅग भरायचा.

दोन हजार एकोणीस साली गटाला पन्नास वर्षं झाली. ऑगस्टमध्ये, जमैकाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात, एका मोठ्या बागेत सत्कार आणि गाणी असा कार्यक्रम ठरला. लॅसेल्सनं फोनवर आनंदानं सांगितलं की क्लोव्हिस येतोय, मुलीला, जावयाला, नातवंडांना घेऊन येतोय. मग आणखी एक गोष्ट त्यानं घाईघाईनं सांगितली: पोस्टर छापून झालंय, त्यावर एकाहत्तर सालचा फोटो आहे.

"त्यात मी नाही," एव्हराल्ड म्हणाला.

"तू कसा असशील? तू तेव्हा तिकडे गावी, पोर्टलंडमध्ये शाळेत होतास," लॅसेल्स म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हेच तर असह्य होतं. त्याला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

क्लोव्हिस आला तो पांढरीशुभ्र दाढी, गवती हॅट आणि पोटभर हसू घेऊन. एव्हराल्डला त्यानं घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, माझी जागा सांभाळलीस, बाबा, तुझे उपकार. एव्हराल्डनं दात दिसतील इतपत हसून घेतलं. त्या रात्री जेवताना त्यानं इसिल्डाला, आपल्या बायकोला, तीन वेळा विचारलं की जागा सांभाळली म्हणजे काय, मी काय वॉचमन आहे का. इसिल्डा मासे तळत होती. तिनं तिन्ही वेळा नुसतं हं म्हटलं.

तालमी होप्टनच्या अंगणात, वॉल्थम पार्कला, आंब्याखाली. पहिल्याच दिवशी कळलं की क्लोव्हिसला निम्म्या गाण्यांचे शब्द आठवत नाहीत, आणि उरलेली निम्मी तो गेल्यानंतरची. लॅसेल्सनं यावर सोपा तोडगा काढला. "नव्या शिकवेल तुला," तो म्हणाला, आणि होप्टनबरोबर डॉमिनो खेळायला बसला. मग दहा दिवस एव्हराल्ड त्या माणसाला स्वतःच्याच जागा शिकवत बसला: इथे श्वास घे, इथे थांब, लॅसेल्स इथे नेहमी घाई करतो तेव्हा त्याच्या मागे धावू नकोस. क्लोव्हिस मन लावून ऐकायचा, मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला तीच चूक करायचा. आणि वर सांगायचा, आम्ही हे असं नव्हतो म्हणत. एव्हराल्ड घरी येऊन रानकारल्याचा काढा प्यायचा. तो कडू काढा प्यायला की बाकीचं कडू जरा विसरायला होतं, असं तो इसिल्डाला सांगे.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तो दाढी करायला न्हाव्याकडे बसला होता. रेडिओवर क्लोव्हिसची मुलाखत चालू होती. 'मिस आयव्हीचं फाटक' लावलं. टॅमरिंड्सचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते. लग्नांत वाजतं, मयतानंतरच्या नऊ रात्रींत वाजतं, बसमध्ये वाजतं. मिस आयव्ही ही लॅसेल्सची पोर्टलंडची मावशी. परदेशी गेलेला मुलगा कधीही येईल म्हणून ती फाटक उघडं ठेवते, एवढंच गाणं. शेवटी वरच्या आवाजात एक लांब हाक आहे, ती ऐकून माणसं हातातलं काम थांबवतात. मुलाखत घेणारी बाई म्हणाली की या हाकेनं माझ्या अंगावर आजही काटा येतो. क्लोव्हिस म्हणाला, देवानं दिलं, मी फक्त तोंड उघडलं.

न्हाव्यानं आरशातून एव्हराल्डकडे पाहिलं. "मला इतकी वर्षं वाटत होतं की ते तुम्ही आहात," तो ओशाळून म्हणाला.

एव्हराल्ड अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. रस्त्यानं जाताना लोक वळून पाहत होते, पण त्याला पर्वा नव्हती. घरी पोचल्यावर त्यानं जाहीर केलं की संपलं, आता मी गात नाही, तिघे मूळचे आहेत ना, गाऊ देत. ते गाणं ब्याऐंशी सालचं आहे हे शेंबड्या पोराला कळतं. इसिल्डानं शिवणयंत्र थांबवलं. ती चर्चच्या गायकवृंदाचे झगे शिवत होती आणि झगे महिनाअखेरपर्यंत हवे होते.

"हे तू मला चाळीस वर्षं सांगतोयस," ती म्हणाली. "त्यांना एकदा तरी सांगितलंस का?"

त्यानं आठवून पाहिलं. लॅसेल्सवर तो रुसला होता, फोन आपटला होता, बसमध्ये मुद्दाम मागच्या बाकावर बसला होता. पण सरळ शब्दांत असं कधी सांगितलं नव्हतं. इसिल्डानं त्याच्या हातात वस्तरा दिला आणि आधी उरलेली दाढी कर म्हणाली.

संध्याकाळी तो वॉल्थम पार्कला गेला. तिघे आंब्याखाली बसले होते, मध्ये भाजलेला नीरफणस होता. एव्हराल्ड बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, ते फाटकाचं गाणं मी गायलंय.

क्लोव्हिस हसला. त्याचं म्हणणं असं की हे गाणं आम्ही सत्त्याहत्तर साली याच अंगणात बसवलं, मी ब्रुकलिनला गेल्यावर मागाहून रेकॉर्ड निघाली, जुनी टेप असणार. एव्हराल्डनं होप्टनकडे पाहिलं. होप्टन म्हणाला, मला खरंच आठवत नाही, त्या वर्षी आपण फार गायलो. लॅसेल्स म्हणाला, अरे, कोण का गायलेना, टॅमरिंड्स गायले.

एव्हराल्डच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं या एका वाक्यानं त्याचं तोंड बंद केलं होतं. पण आज त्यानं आवाज चढवला नाही. त्यानं क्लोव्हिसला तिसरं कडवं म्हणायला सांगितलं.

क्लोव्हिसनं म्हटलं. ॲलन आला, ॲलननं फाटक नेलं, आता मिस आयव्ही मोकळ्या खांबांपाशी बसते.

"ॲलन कोण?" एव्हराल्डनं विचारलं.

"कोण म्हणजे? कोणी शेजारी असेल. फाटक चोरून नेलं त्यानं," क्लोव्हिस म्हणाला. "माझ्या नातवंडांना तर मी सांगितलंय की ॲलन एका पायानं लंगडा होता."

होप्टननं हातातला तुकडा खाली ठेवला. लॅसेल्स खोकल्यासारखं करून आंब्याकडे पाहू लागला.

"ॲलन वादळ होतं," एव्हराल्ड म्हणाला. "ऐंशी सालचं. आमच्या घराचं छप्पर नेलं त्यानं आणि मिस आयव्हीचं फाटकही. ते कडवं मी जोडलं. तू अठ्ठ्याहत्तरला गेलास, क्लोव्हिस."

शेजारच्या अंगणात कोणी तरी कोंबड्या कोंडत होतं. क्लोव्हिसनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूहळू तो सांगू लागला, आणि त्याचा आवाज थकलेल्या म्हाताऱ्याचा झाला होता. ब्रुकलिनच्या पहिल्या हिवाळ्यांत त्याला घर सोडल्याचा इतका पश्चात्ताप झाला होता की झोप लागत नसे. मग एके दिवशी दुकानात ते गाणं लागलं आणि त्यानं आपला आवाज ओळखला. निदान एवढं तरी मागे ठेवून आलो, असं त्याला वाटलं. तीस वर्षं त्यानं बसमधल्या उतारूंना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. त्याच्या मुलीच्या लग्नात ते वाजवलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"ती रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे," तो म्हणाला. "एक संध्याकाळ राहू दे तसंच, एव्हराल्ड. मग मी जाईन, आणि गाणं तुझंच आहे."

त्यानं एव्हराल्ड म्हटलं, नव्या म्हटलं नाही, हे एव्हराल्डच्या लक्षात आलं आणि त्याचा राग आणखीच वाढला. चोर समोर असता तर भांडता आलं असतं. हा चोर नव्हताच. तो नाही म्हणाला, साफ नाही म्हणाला, आणि वळून चालता झाला. फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की त्यानं होप्टनच्या कुंडीला लाथ मारली आणि अंगठा दुखावून घेतला.

तीन दिवस तो घरात धुसफुसत राहिला. खरं बोलावं तर एका म्हाताऱ्याची त्याच्या पोरीदेखत शोभा होणार. गप्प बसावं तर आपलं आयुष्य पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जमा. इसिल्डाला त्यानं विचारलं तर ती म्हणाली, मला झगे पुरे करू दे. शनिवारी लॅसेल्सचा फोन आला: गाडी चार वाजता.

रविवारी तो गेला. अंगठ्यामुळे लंगडत गेला. बाग माणसांनी फुलून गेली होती, आणि मंचावर माइक तीनच होते. चौघांना तीन माइक, हेही बरोबरच होतं त्यांच्या मते. एव्हराल्ड आणि क्लोव्हिस एकाच माइकपाशी उभे राहिले. क्लोव्हिसच्या अंगाला बामाचा वास येत होता. पहिल्या चार गाण्यांत त्यानं जिथे जिथे चुकायचं तिथे तिथे चूक केली, आणि प्रत्येक वेळी एव्हराल्डनं नकळत सूर पुढे सरकवून ती झाकली. लॅसेल्सच्या चुका झाकून झाकून त्याला ती सवयच झाली होती.

फाटकाचं गाणं आलं तेव्हा लॅसेल्सनं माइकवर हात पसरून ओळख करून द्यायला सुरुवात केली: आणि आता आपला क्लोव्हिस, ज्याच्या आवाजानं… एव्हराल्डनं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा क्लोव्हिस माइकपासून एक पाऊल मागे सरला होता, हात पाठीमागे बांधून. त्यानं नुसती मानेनं खूण केली. तोवर ढोल सुरू झाला होता आणि विचार करायला वेळ नव्हता.

एव्हराल्ड गायला. तिसऱ्या कडव्यात ॲलनचं नाव आलं तेव्हा पहिल्या रांगेतली दोन पोरं फिदीफिदी हसली आणि त्यांच्या आईनं त्यांना गप्प केलं. शेवटची हाक त्यानं रेकॉर्डपेक्षाही लांब ओढली, घसा फाटेल इतकी. चौसष्टाव्या वर्षी असं करायचं नसतं हे त्याला माहीत होतं. क्लोव्हिस मागून खालच्या पट्टीत गुणगुणत होता, आणि तो सूर मात्र पक्का होता.

नंतर मंचामागे त्या पोरांची आई त्याला शोधत आली. क्लोव्हिसची मुलगी, पन्नाशीला आलेली, बापासारखंच हसणारी. "अंकल, बाबांनी गुरुवारी आम्हाला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "पोरं तर ॲलनवरून त्यांना छळून काढतायत. मला फक्त तुमचे आभार मानायचे होते. त्या गाण्यावर माझं लग्न लागलंय."

गुरुवारी. म्हणजे भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि त्या थेरड्यानं एक फोन करून कळवलं नाही, तीन दिवस मला जाळत ठेवलं. एव्हराल्डनं सांगण्यासारखी किमान वीस वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर निघाली. आवाज गेला होता. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्यानं मान हलवली, आणि आपल्याला रडू येतंय की संताप, हे त्यालाही नीट कळलं नाही.

सकाळीही आवाज परतला नाही. इसिल्डानं आल्याचा चहा दिला, मध दिला आणि डॉक्टर सांगतात तसं आठवडाभर अवाक्षर बोलायचं नाही अशी तंबी दिली. घरात शांतता आहे म्हणून ती उघडपणे खूष होती. नऊच्या सुमारास फोन वाजला. लॅसेल्स होता. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सला दोन कार्यक्रम ठरलेत, चौघांचे. क्लोव्हिसला इथेच राहायचंय म्हणतो, त्याचे धडे तूच सुरू ठेव, बुधवारपासून. काही हरकत आहे का, असंही त्यानं विचारलं. विचारण्याची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

एव्हराल्डनं जिवाच्या आकांतानं घसा ताणला. आवाज फुटला नाही. त्यानं इसिल्डाकडे फोन पुढे केला, हातवारे केले, बोल, सांग त्याला. ती झग्याची कॉलर लावत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"बरं, मग ठरलं," पलीकडून लॅसेल्स म्हणाला आणि फोन ठेवून दिला.