चार इंचाची भिंत

"हर्षे, ए हर्षे! दार उघडंना गं माझं!"

वरून नवसाआजींची हाक आली, तेव्हा हर्षाली तोंडाला ओढणी बांधून भिंत पाडण्याचा व्हिडिओ काढत होती. काढणारच! हे काम तिच्यामुळे तर चाललं होतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी तिने पप्पांना सांगून टाकलं होतं, "आता घराचं मी बघते." सातपूरच्या त्यांच्या रांगेतल्या घरात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक भिंत होती. ती गेली की घर कसं ऐसपैस दिसणार होतं!

त्यासाठी आधी गोटीराम मिस्त्री येऊन गेले. त्यांनी बोटाने भिंत वाजवली, छताकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "परवा येतो. प्लास्टर खरवडून बघावं लागंल." मग आला रोहित, इंटिरियर डिझायनर. त्याने लॅपटॉपवर दहा मिनिटांत भिंत गायब करून पिवळे दिवे लावले. हर्षाली खलासच! ठरल्या दिवशी गोटीराम आले तर काम रोहितला गेलेलं.

"काका, तुम्हाला एक भिंत बघायला दोन दिवस लागतात. किचनला दोन वर्षं लागली असती," हर्षाली त्यांच्या तोंडावर म्हणाली होती. पप्पा हसले. गोटीराम काही हसले नाहीत.

रोहितने भिंतीची जाडी फोनवरच विचारली. "चार इंच असेल तर नुसतं पार्टिशन, बिनधास्त काढू. नऊ असेल तर वरचं वजन तिच्यावर असतं, मग वेगळं बघू." हर्षालीने त्या भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दारापाशी टेप लावला. चार इंच. लगेच मेसेज पाठवला, सोबत अंगठा.

आता आजींच्या हाकेसरशी ती बाहेरच्या जिन्याने वर पळाली. वर पुढे हॉलच्या डोक्यावर मोकळी गच्ची आणि मागे स्वयंपाकघराच्या डोक्यावर भाडेकरू नवसाआजींच्या दोन खोल्या. दाराची आतली कडी काढलेली, तरी दार घट्ट.

"सकाळी दूध घेतलं तवा झकास उघडलं हुतं," आतून आजी म्हणाल्या. "ढकल की जरा. तुमी पोरी नुसत्या मोबाइल धरायच्या कामाच्या!"

हर्षालीने खांदा लावला. मग तिचं लक्ष चौकटीच्या वर गेलं. कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली होती. खालून घणाचा दणका आला आणि भेगेतून चिमूटभर वाळू तिच्या हातावर पडली.

आजींच्या दाराची ही भिंत खालच्या त्याच भिंतीवर उभी होती.

जिना ती कशी उतरली, तिलाच कळलं नाही. "थांबा! घण खाली ठेवा!" रोहितचे दोघे मजूर बघतच राहिले. भिंत निम्मी गेली होती. उरलेल्या तुटक्या कडेला तिने टेप लावला. नऊ इंच. मग दाराला लावला. चार. चौकट! तिने लाकडी चौकट मोजली होती, भिंत मोजलीच नव्हती.

पप्पांचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, साडेतीनपर्यंत बंद. रोहितने उचलला. "अगं, जुनी घरं जरा हलतात. आणि माप तूच पाठवलंस ना? मेसेज आहे माझ्याकडे." मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्याने फोन ठेवला.

उरले गोटीराम. नंबर लावताना हर्षालीचा अंगठा दोनदा चुकला. तिने रडतरडत सगळं सांगितलं. ते काही बोलतील, टोमणा मारतील, तर मारू देत असं तिला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "मजूर बाहेर काढ. दाराला हात लावू नको. म्हातारीला मागच्या भित्तीला बसव, मधी फिरू देऊ नको. जॅक घिऊन निघालो."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ओरडली, "आजी, मागच्या खिडकीपाशी बसा!"

"तिथं ऊन येतंय."

"येऊ दे ना! बसा!"

"वरडती काय? आन् माझी भाजी करपंल, गॅस दाराजवळ हाय."

आतून चप्पल घासत येण्याचा आवाज. एक पाऊल. दुसरं.

"आजी, नका येऊ पुढे! खालची भिंत पाडलीये. तुमची खोली तिच्यावर आहे."

चप्पल थांबली.

"कुणी सांगितलं पाडायला?"

खोटं बोलायला एक क्षण होता. रोहितचं नाव ओठांवरच होतं.

"मी, आजी. माझं माप चुकलं."

मग चप्पल मागे मागे गेली. खिडकीकडून आवाज आला, बारीक झालेला. "मंग आता बोलत ऱ्हा माझ्याशी. गप बसू नको. गप बसलीस की लय भ्या वाटतं."

हर्षाली बोलत राहिली. पेपर, मैत्रिणी, चांदवडला गेलेली आई येताना आणणार ते लोणचं, जे सुचेल ते. मधेच भिंत कुरकुरली की दोघी गप्प, आणि मग आजीच म्हणायच्या, "हां, पुढं?" करपल्या भाजीचा वास दाराबाहेर आला, तोवर गोटीरामांचा टेम्पो गल्लीत वळला.

त्यांनी पाडलेल्या जागी लोखंडी टेकू उभे केले, डोक्यावर जाड फळ्या दिल्या आणि जॅक पाव पाव फेरा आवळत गेले. मग वर येऊन दार वरच्या बाजूने कापलं. आजी धुळीने पांढऱ्या झालेल्या बाहेर आल्या. हर्षाली त्यांना धरायला गेली, तर पायरीवर तिचाच पाय चुकला. आजींनीच तिला धरलं.

साडेतीनची पाळी सुटल्यावर पप्पा आले. गोटीराम भेगेवर प्लास्टरचा पातळ पट्टा लावत होते. "हा तडकला तर समजायचं घर अजून खाली बसतंय," ते म्हणाले. "लोखंडी गर्डर बसेस्तोवर आत कुणी झोपायचं नाय. दर तासाला हे बघायचं."

पप्पांनी खाली येऊन टेकूंकडे बघितलं. "त्या रोहितला सोडत नाही मी. जाडी मोजायला आला नव्हता का तो?"

"मी मोजली, पप्पा. चौकट मोजली."

पप्पा पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वर आजींच्या कापलेल्या दाराकडे बघत राहिले.

तास झाल्यावर हर्षाली वर गेली. पट्टा अख्खा होता. तिने खालून बघितला, बाजूने बघितला, मोबाइलचा उजेड लावून बघितला.

मग ती जिन्यावरून खाली गोटीरामांकडे वाकली. "काका, अख्खा वाटतोय. पण तुम्ही एकदा येऊन बघता का?"