कर्ता नसलेलं वाक्य

माझी ताई माझ्याच प्रश्नावलीत नापास झाली. घरातल्या आजारी माणसाचं करणारे किती थकलेत, हे मोजायची ती प्रश्नावली. ठरलेल्या रेषेच्या वर गुण आले की रुग्णालयाकडून आठवड्यातून दोन दुपारी मदतनीस बाई येते आणि करणाऱ्याला तेवढं मोकळं होता येतं. आईचं सगळं गेली कित्येक वर्षं ताईच करते. कंबर धरून उठते, बसल्या बसल्या पेंगते, आणि तरी प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर एकच: कधीच नाही. मुलाखत घेणारी मुलगी मला कौतुकाने म्हणाली, तुमच्या ताई फार समाधानी आहेत. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तशी ताई एकटी नव्हती, बहुतेकांचं तसंच. 'मला रुग्णाचं ओझं वाटतं' या वाक्यासाठी आम्ही विद्यापीठातल्या आमच्या विभागात बैठकांवर बैठका घेतल्या होत्या. 'भार' पुस्तकी, 'त्रास' मोघम, 'जाच' म्हणजे सासूचा, असं करत करत 'ओझं' निवडलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. इतकी वर्षं मी हेच करतेय. शब्दांचा कीस पाडायचा, पुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच पर्याय टांगायचे, आणि माणसं त्यात बसत नाहीत म्हणून वैतागायचं. हल्ली वैतागायचाही कंटाळा येतो.

ताईला जाऊन विचारलं, खोटं का सांगितलंस. ती आईचे पाय चोळत होती. म्हणाली, खोटं कुठे, ओझं नाहीच वाटत. मग मला बाहेर ओढून हळू आवाजात म्हणाली, "शहाणे, आईला कोणी ओझं म्हणतं का? तूच म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं नाही. अगदी नको होतं तेव्हा मनातल्या मनात काय म्हणतेस, एवढंच विचारलं. ताईने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"काय म्हणणार? एकदाचं सुटावं, बास."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी विभागप्रमुखांपुढे ठेवलं: 'एकदाचं सुटावं असं वाटतं.' सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"याचा कर्ता कुठाय? सुटावं, पण कोणी? करणाऱ्याने की रुग्णाने?"

वाक्यातून दोन अर्थ निघाले की ते बाद, हा नियम मी स्वतः विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवत आलेय. मान्य आहे, म्हटलं. पण कर्ता घातला की सगळे 'कधीच नाही'वर जाऊन बसतात. 'मी सुटावं' म्हटलं तर स्वार्थी ठरतो, 'तिने सुटावं' म्हटलं तर पापी. मधे कुठेतरी माणसाला टेकायला जागा हवी की नको? सरांनी कुरकुरत चाचणीपुरती परवानगी दिली. आणि त्या चाचणीत पहिल्यांदाच उत्तरं पाचही पर्यायांवर पसरली. मला आनंद व्हायला हवा होता. इतकी माणसं इतकी दमलीत हे बघून वाईटच वाटलं.

नवी प्रश्नावली पक्की झाल्यावर ताईची पुन्हा मुलाखत ठरली. खरं तर मी तिथे असताच कामा नये, म्हणून स्वयंपाकघरात मटार सोलत बसले. मागची मुलाखत आईच्या खाटेशेजारीच झाली होती. या वेळी ताईला खोलीबाहेर बसव, असं मुलीला बजावलं होतं. तिने बसवलंही, पण आईची हाक ऐकू यावी म्हणून ताई दार लोटू देईना, आणि मुलीचा आवाज खणखणीत. पहिल्या प्रश्नांना पुन्हा तेच, कधीच नाही, कधीच नाही. ही बाई स्वतःच्या हाताने मदत घालवणार, असं वाटायला लागलं. मग ते वाक्य आलं.

"एकदाचं सुटावं असं वाटतं. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, की नेहमी?"

उत्तर आलं ते आतून, खाटेवरून.

"नेहमी," आई म्हणाली.

मुलगी गडबडली. हा प्रश्न आजींना नव्हता, असं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पुटपुटली. आईचं अजून संपलं नव्हतं.

"तिचंही तेच लिही गं. ती सांगायची नाही."

ताई उठून आत गेली. आत दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी मात्र मटाराच्या परातीवर वाकून रडत होते. दुसऱ्याने दिलेलं उत्तर धरायचं नाही, हाही नियम माझाच. मुलगी पेन हातात घेऊन नुसती बसून राहिली होती.

बऱ्याच वेळाने ताई बाहेर आली आणि खुर्चीला पाठ टेकून बसली.

"बरेचदा लिही," ती म्हणाली. "आणि मागचे सगळे परत विचार."