ढोलाखालचा आवाज

मे महिना संपत आला की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली येतो. बायको म्हणते, भास आहे. कॅमेरा खांद्यावर घेऊन तिनं एका महिन्यात बत्तीस लग्नं उभी राहून काढली असती, तर तिलाही हा भास झाला असता.

सन दोन हजार सहा. पाटसला हायवेच्या कडेला माझा स्टुडिओ होता. पुढं पासपोर्ट फोटोचं स्टूल, मागं पडद्याआड एक कॉम्प्युटर आणि दोन व्हीसीआर. बत्तीसपैकी एकोणीस लग्नं मिक्सिंगला पडून होती. लाईट सकाळी अकराला यायची आणि दोनला जायची. पार्ट्या येऊन विचारायच्या, सीडी झाली का. मी म्हणायचो, होतेय. मला खरं तर कुणाचंच लग्न परत बघायची इच्छा नव्हती.

अशात एक दिवस ती आली. कडेवर वर्षाचं पोर, हातात सीडीचं पाकीट.

"मामा, वळखलं का?"

मी ओळखलं नाही. नवरीला आम्ही दिवसभर भिंगातून बघतो, पण दोन वर्षांनी ती साध्या पातळात समोर आली की कोण कुठली, काही कळत नाही.

"म्हाळसा. कासुर्डीच्या कोंडिबाची. लग्नाचं शूटिंग तुमीच केलं व्हतं. आता न्हावऱ्याला दिलीय, शिरूरकडं."

"हां हां," मी म्हणालो. "कसे हायेत वडील?"

"आबा गेलं की. पौषात. छातीत कफ झाला व्हता."

मी स्टूल पुढं सरकवलं. ती बसली नाही. पाकीट माझ्यापुढं धरून म्हणाली, "मामा, ह्यातलं गाणं तेवढं काढून द्या."

"कुठलं गाणं?"

"ते इंग्लिश. ढोलाचं."

ते ढोलाचं गाणं म्हणजे माझं एकुलतं एक व्यसन. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरला कार्ड बसवायला मी पुण्यात बुधवार पेठेत गेलो होतो. दुकानदार गिऱ्हाइकाला स्पीकर ऐकवत होता. कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचं नुसतं संगीत होतं ते. तलवारी, घोडे, बर्फाचे डोंगर, राजाचं हरवलेलं राज्य, असला तो सिनेमा. सुरुवातीला व्हायोलिनं अगदी हळू, कुणी शेजारच्या खोलीत रडतंय असं वाटावं इतकी. मग खालून तुताऱ्या चढत येतात, मग ढोल, आणि मग शंभरेक माणसं आपल्याला न कळणाऱ्या भाषेत एकदम गायला लागतात. माझ्या अंगावर काटा आला. कार्ड राहिलं बाजूला, मी आधी ती सीडी मागितली.

मी तो सिनेमा कधी बघितला नाही. बघावासा वाटलाही नाही. उन्हातान्हात लग्न काढून यायचं, शर्ट खुंटीला लावायचा आणि त्या सीडीवरचा दुसरा ट्रॅक लावायचा. त्या संगीतात माणसं मरत असतील, पण थकत नाहीत. मला तेवढंच ऐकायचं असायचं. दहा मिनिटं वाटायचं, आपणही कुठल्या तरी मोठ्या कामावरून परत आलोय. मग ट्रॅक संपायचा आणि टेबलावर कुणाच्या तरी हळदीची कॅसेट वाट बघत असायची.

एकदा सहज ते संगीत एका शूटिंगखाली लावून बघितलं. आमटीची बादली घेऊन पळणारा वाढपीसुद्धा रणात निघाल्यासारखा दिसायला लागला. मला फार आवडलं. आता हे कुठल्या लग्नाला वापरावं? मोठ्या पार्टीवर असला प्रयोग करायची हिंमत नव्हती. आमच्याकडचे आनंदराव साखर कारखान्याचे माजी संचालक, त्यांच्याकडच्या लग्नाला असलं काही लावलं असतं तर त्यांनी सीडी तोंडावर फेकली असती. म्हणून मी ते म्हाळसाच्या लग्नाला लावलं. धनगराघरचं लग्न, तक्रार कोण करणार, असाच विचार मी केला. आज सांगायला लाज वाटते, पण केला.

"गाण्याला काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई झालं. आईला तर लई आवडतंय." तिनं पोर या कडेवरनं त्या कडेवर घेतलं. "पर मामा, पंगतीच्या वक्ताला आबा तोंड उघडत्यात आन् आतनं ढोल येत्यात. मला आबांचं तोंड आठवतंय. आवाजच आठवंना झालाय. चारच म्हैनं झालं ओ. ह्या पोराला 'बाळाऽऽ' करून हाक मारायचं, ती पन आठवंना. आवाज खाली आसंल ना? वरचं तेवढं काढा."

तिला वाटत होतं, उशीचा अभ्रा काढावा तसं वरचं संगीत निघेल आणि खाली आबा असतील. खाली काही नव्हतं. त्या जागी मूळ आवाज मी स्वतः शून्यावर नेला होता. मला ती जागा चांगली आठवत होती, कारण तिचा मला अभिमान होता. कोंडिबानं जन्मभर मेंढरं राखली आणि नंतर ती विकून दोन एकरात ऊस केला, पण आवाज मेंढरं वळायचाच राहिला. या डोंगराहून त्या डोंगराला पोचणारा. लग्नात पंगतीला माणसं बोलवायला त्यानं मांडवाच्या तोंडाशी उभं राहून अशी काही हाळी दिली, की माईकवर बोलणारा पुढारी दचकून थांबला. मिक्सिंग करताना मला ते फार गावंढळ वाटलं. मी त्याचं तोंड उघडायला आणि पहिला ढोल पडायला बरोबर जुळवलं आणि स्वतःवरच खूष झालो.

हे सगळं मी म्हाळसाला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो. मूळ कॅसेटीवर आसंल."

"कवा येऊ?"

"बेस्तरवारी ये."

ती गेली आणि मी कपाट उघडलं. मूळ कॅसेटी आम्ही कुणी ठेवत नाही. पार्टीनं सीडी पास केली की त्याच कॅसेटीवर दुसरं लग्न चढतं. सगळ्या तालुक्यात हीच पद्धत. माझ्या कपाटात साठ कॅसेटी होत्या आणि एकेकीवर चार-चार चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या.

तीन दिवस अकरा ते दोन मी चिठ्ठ्या नखानं खरवडत होतो. गिऱ्हाइकं ओरडून गेली. एकानं तर माझ्या देखत शेजारच्या स्टुडिओत जाऊन चौकशी केली. जा म्हटलं. बुधवारी दोन कॅसेटी सापडल्या. 'म्हाळसा, कासुर्डी, एक' हिच्यावर एक अख्खं लग्न चढलं होतं, शेवटच्या वितीपर्यंत. 'म्हाळसा, कासुर्डी, दोन' हिच्यावर आनंदरावांच्या पृथ्वीराजचा साखरपुडा होता.

मी ती दुसरी लावली. पृथ्वीराजला टिळा, पृथ्वीराजला अंगठी, पृथ्वीराजच्या मामांचा सत्कार, काकांचा सत्कार, काकांच्या मित्रांचा सत्कार. एका माणसाला इतके फेटे! मी पुढं पळवत होतो. एक वाजून चाळीस मिनिटं झाली. लाईट जायला वीस मिनिटं उरली. सत्कार संपले, पडद्यावर मुंग्या आल्या, चर्रर्र झालं, आणि मग रिकामा मांडव दिसला.

कासुर्डीचा मांडव होता. साखरपुडा लग्नापेक्षा लहान, म्हणून शेवटचा तुकडा पुसायचा राहून गेला होता.

पाठवणी झाली होती, जीप निघून गेली होती. 'आभारी आहोत' अशी अक्षरं वर टाकायला मला रिकाम्या मांडवाचा एक स्वच्छ शॉट लागतो, तो मी घेत होतो. चित्रात कुणी नाही. नुसत्या खुर्च्या आणि उडालेल्या पत्रावळी. आणि लांबून, बहुधा रस्त्यावरून, ती हाळी आली.

"कुनी जेवायचं ऱ्हायलंय काऽऽ? ऱ्हायलं आसंल त्येनं याऽऽ!"

आमच्याकडं शेवटची पंगत उठली की घरचा माणूस बाहेर येऊन अशी हाक देतो. कुणी वाटसरू, कुणी शेतावरचा गडी उपाशी राहू नये म्हणून. त्यानं तीनदा हाक दिली. तिसऱ्यांदा आवाज फाटला. मुलीची जीप आत्ताच गेली होती ना. मग चित्राच्या कडेनं कोंडिबा आत आला. फेटा काखेत, सदऱ्यावर आमटीचा डाग. थेट भिंगात बघून म्हणाला, "शूटिंगवालं पाव्हनं, तुमी जेवला का?"

आणि माझा आवाज आला. कॅमेऱ्यामागून, भिंगाच्या अगदी जवळ, त्याच्यापेक्षा मोठा. "झालं झालं. तेवढं बाजूला व्हा ओ, फ्रेममधी येताय."

"व्हय व्हय." तो घाईनं सरकला, अर्धा चित्राबाहेर गेला. "न्हाई, पर जेवून जावा."

तिथं मी कॅमेरा बंद केला होता.

त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. संध्याकाळी आणखी एक हळद होती आणि मला उशीर झाला होता. भुकेनं डोकं उठलं होतं. त्या माणसाकडं मी पुरती मान वर करून बघितलंही नव्हतं.

लाईट गेली. मी घामाघूम होऊन अंधाऱ्या पडद्यापुढं बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी अकरालाच लाईट आल्या आल्या तुकडा कॉम्प्युटरमध्ये घेतला. पहिलं काम काय केलं? माझा आवाज कापायला गेलो. पण माझं 'बाजूला व्हा' आणि त्याचं 'व्हय व्हय' एकमेकांत गुंतलं होतं. माझं कापलं की त्याचंही अर्धं जात होतं. मग वाटलं, खाली हळूच दुसरा ट्रॅक लावावा, म्हणजे माझं बोलणं दबेल. लावून बघितला. व्हायोलिनं सुरू झाली, रिकाम्या खुर्च्या एकदम पडक्या किल्ल्यासारख्या वाटायला लागल्या, आणि कोंडिबा राज्य गमावून आलेला कुणी राजा. फार छान जमलं होतं. पण त्याला मला जेवलास का विचारायचं होतं, आणि ते ऐकूच येईना. मी ट्रॅक काढून टाकला.

म्हाळसा आली ती आईला घेऊन. अनसाबाई दारातच चप्पल काढून आत आली, स्टुलावर बसली आणि तिनं आधी मलाच दरडावलं.

"ते वाजिवलेलं काढलं न्हाई ना? ही म्हनली, काढायला सांगितलंय."

"न्हाई काढलं. ते तसंच हाय."

"ऱ्हाऊ द्या. त्यात ढोल वाजत्यात तवा हे लई मोठं दिसत्यात. जलमभर सगळ्यांच्या मागं चालले. त्येंच्याम्होरं कुनी कवा वाजिवलं न्हाई."

मला बरं वाटायला हवं होतं. पण पुढं काय दाखवायचंय ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "थोडंच सापडलंय. आन् त्यात माझं बोलणं हाय. कापता न्हाई आलं."

तुकडा लावला. पहिल्या हाळीला म्हाळसानं तोंडावर पदर घेतला. कडेवरचं पोर आवाजाकडं मान वळवून बघायला लागलं. अनसाबाई नुसती मान हलवत होती, हां, हां, असंच, असं कुणी हिशोब बरोबर सांगावा तसं. मग माझं ते 'बाजूला व्हा ओ' आलं आणि मी खाली बघितलं.



"परत लावा," म्हाळसा म्हणाली.

परत लावलं. ती म्हणाली, परत. मी लावत राहिलो. दर वेळी तो रस्त्यावरून हाक देत यायचा, दर वेळी मला विचारायचा, आणि दर वेळी मी त्याला त्याच्याच मांडवातून बाजूला सारायचो. पाचव्यांदा, सहाव्यांदा. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, मी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

सातव्यांदा तो फेटा काखेत धरून आत आला, भिंगात बघून म्हणाला, "शूटिंगवालं पाव्हनं, तुमी जेवला का?" आणि पडद्यातल्या माझ्या आधी मीच बोलून गेलो.

"न्हाई, आबा. जेवलो न्हाई."

मग माझा तो आवाज आलाच. झालं झालं, बाजूला व्हा. कोंडिबा सरकला. अनसाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं, जिथं त्याचा अर्धा खांदा तेवढा दिसत होता. "जेवला न्हवता व्हय," ती म्हणाली, "आन् हे सांजपतूर म्हनत व्हते, ते शूटिंगवालं पाव्हनं उपाशीच गेलं."